एसडीएलचा टायमर वापरताय? आधी हे वाचा

विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे एकाच कोडवर गेम चालवायचा तर एसडीएल या लायब्ररीला तोड नाही, पण मला आज फक्त त्याच्या टायमरबद्दल लिहायचंय.

वापरायला एकदम सोपा. ॲडटायमरला मिलिसेकंद आणि कॉलबॅक (वेळ झाली की चालणारं आपलं फंक्शन) द्यायचा, कॉलबॅक जो आकडा परत देईल तेवढ्या वेळाने तो पुन्हा चालणार, शून्य दिला की विषय संपला.

आतली रचना तर फारच आवडली, सोर्स जरूर उघडून बघा. टायमरसाठी एक वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारं काम), त्याच्याकडे वेळेनुसार लावलेली यादी, आणि त्या यादीला तो सोडून दुसरं कोणी हातच लावत नाही. बाकीच्या थ्रेडने टाकलेला टायमर आधी पेंडिंगच्या वेगळ्या यादीत जातो, तिथे जेमतेम एक स्पिनलॉक (क्षणभरासाठीचं छोटं कुलूप), मग सेमाफोरने (थ्रेडला जागं करणारी खूण) टायमर थ्रेडला उठवलं की तो स्वतः येऊन नवीन माल आपल्या यादीत घेतो. कॉलबॅक चालताना कुठलंच लॉक धरलेलं नसतं, त्यामुळे कॉलबॅकमधूनच दुसरा टायमर लावला तरी काही अडकत नाही.

आता जपायची जागा. रिमूव्हटायमर फक्त कॅन्सलचा फ्लॅग लावून परत येतो, कॉलबॅक त्याच क्षणी तिकडे चालू असला तर तो संपेपर्यंत थांबत नाही. म्हणजे पुढच्याच ओळीत तुम्ही युजरडेटा (कॉलबॅकला दिलेला आपला डेटा) फ्री केलात तर कॉलबॅक मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतोय, आणि हे असलं क्रॅश डीबगर लावला की हमखास गायब होतं. पण मला हा निर्णय पटतो, कारण थांबायची सोय केली असती तर कॉलबॅकला हवं असलेलं म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) मेन थ्रेडकडेच असताना दोघं एकमेकांची वाट बघत बसले असते.

म्हणून कॉलबॅकमध्ये काम करूच नका, पुशइव्हेंटने इव्हेंट टाका आणि खरं काम मेन लूपमध्ये करा, पुशइव्हेंट कुठल्याही थ्रेडवरून चालतं. सगळे टायमर एकाच थ्रेडवर असल्यामुळे एक कॉलबॅक रेंगाळला की बाकीच्यांनाही उशीर होतो, तेही यात टळतं. आणि हो, ब्राउझरच्या थ्रेडविना बिल्डमध्ये हा थ्रेडच नसतो, तिथे सेटटाइमआउट वापरतात, त्यामुळे फक्त वेबवर टेस्ट करून खात्री धरू नका!

एसडीएल २ मध्ये गेटटिक्स (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) ३२ बिटचं, साधारण ४९ दिवसांनी शून्यावर येतं, २.०.१८ पासून ६४ बिटचं वेगळं फंक्शन मिळालं. एसडीएल ३ मध्ये गेटटिक्सच ६४ बिटचं आहे, शिवाय नॅनोसेकंदवाला ॲडटायमर आलाय आणि कॉलबॅकला टायमरचा आयडीही मिळतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ ३ घ्या.

गेम, मीडिया प्लेअर, महिनोन्‌महिने चालू राहणारं डिस्प्लेचं ॲप, यासाठी बिनधास्त वापरा. मेट्रोनोमसारखं ठोक्याला अचूक काही वाजवायचं असेल तर मात्र टायमरच्या नादी लागू नका, ऑडिओच्या कॉलबॅकमध्ये सॅम्पल (आवाजाचे सुटे आकडे) मोजा.