लिफ्ट बंद, पण लीक सापडलं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या इको (हृदयाची सोनोग्राफी) सेंटरला पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लिफ्टसाठी. हार्टचे पेशंट येणार, सेंटर दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर 'बंद आहे' ची पाटी. काय म्हणायचं!

आमच्या आबांची हृदयातली मायट्रल झडप दोन वर्षांपूर्वी बदलली, धातूची. रात्री सामसूम झाली की तिची टिकटिक ऐकू येते. दिवाळीपासून पुन्हा दम लागायला लागला. गंगावेशीत चालत जाऊन धारोष्ण दूध पिणारा माणूस, उंबऱ्यातच बसायला लागला. लघवी कोऱ्या चहासारखी, हिमोग्लोबिन 8.1. एका दवाखान्यात 'वय झालं' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने त्यातच गेले.

इथल्या मॅडमनी आधी छातीवरून इको केला. म्हणाल्या, "धातूची सावली पडते, मागचं दिसत नाही. तोंडातून नळी घालून बघू." आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, बघितलं, सहा तास उपाशी ठेवलं, कवळी काढायला लावली, घशात बधिर करायचा फवारा मारला. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून लागूनच जाते, तिथून झडप लख्ख दिसते.

मला पडदा दाखवला. झडपेची पानं झकास उघडझाप करतायत, पण रिंगच्या कडेनं रंगीत फवारा उलटा मारतोय. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. म्हटलं, "मॅडम, व्हॉल्व्ह ओके, सीटच्या बाजूनं गळतंय." हसल्या. "अगदी तेच. टाक्याजवळ फट पडलीय." त्या फटीतून रक्त जोरात घुसतं, तांबड्या पेशी फुटतात, म्हणून लघवी तशी आणि नुसत्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढेना. अशी फट झडप बदलल्यावर काहींना पडते, बारीक असली तर नुसती लक्षात ठेवतात, असंही त्यांनी सांगितलं. आबांची बारीक नाही. आता जांघेतून तार घालून प्लग बसवायचा की पुन्हा छाती उघडायची, ते सर्जन ठरवतील. रिपोर्टमध्ये फट कुठं, केवढी, सगळं मापासकट लिहून दिलंय.

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा बंद. आबा चहासाठी हटून बसले, पण काउंटरवरची पोरगी बधली नाही. उतरताना दोन वॉर्डबॉयनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. पैसे देऊ केले, घेतले नाहीत.