पाथ्रियाचं स्टॅटमेक, दोन सेमिस्टर वापरल्यानंतर: तीन ‘क्यू’ आणि थोडा आर्गॉन

परवा इंटर्नलचा पेपर हातात आला. ग्रँड कॅनॉनिकलचं (म्हणजे ऊर्जा आणि कण दोन्हींची देवाणघेवाण होते अशा प्रणालीचं) गणित बरोबर, उत्तरही बरोबर, तरी दीड मार्क कापलेला. बाजूला लाल पेनानं प्रश्न: ‘झेड म्हणजे काय?’ फ्यूगॅसिटी (रासायनिक विभवावरून ठरणारी राशी), दुसरं काय! पाथ्रियात तसंच आहे. पण तपासणाऱ्यांच्या लेखी झेड म्हणजे पार्टिशन फंक्शन, सगळ्या शक्य अवस्थांची वजनासकट बेरीज. तो दीड मार्क काही परत मिळत नाही, तेव्हा पाथ्रियांच्या ‘स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स’ या पाठ्यपुस्तकाचा, नेट परीक्षा झाल्यावर लिहायचं ठरवलेला अनुभव आजच लिहून टाकतो.

एमएस्सी फिजिक्सवाल्यांना पुस्तकाची ओळख नको. माझी प्रत 1996 ची दुसरी आवृत्ती, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं पहिल्या दोन प्रकरणांत ओळ न् ओळ रंगवली आहे. तिसऱ्यापासून पानं करकरीत. त्याचं काय झालं ते मी समजू शकतो.

आता मुख्य तक्रार. कॅनॉनिकल (फक्त ऊर्जेची देवाणघेवाण) पार्टिशन फंक्शनला मोठा क्यू. ग्रँड कॅनॉनिकलला वळणदार क्यू. त्याच्या लॉगला लहान क्यू, म्हणे क्यू-पोटेन्शियल. आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये उष्णतेलाही आपण जन्मभर क्यूच लिहीत आलोय. छापील पानावर हे चालून जातं. पण फळ्यावर, त्यात मागच्या बाकावरून, कोणता क्यू वळणदार आहे हे ओळखून दाखवा! बरं, सगळीकडे ज्याला झेड म्हणतात त्याला इथे क्यू, आणि लहान झेड भलत्याच कामाला लावलेला. राइफच्या पाठ्यपुस्तकात सरळ झेड आहे. मी शेवटी वहीत तीन रंगांची पेनं वापरायला लागलो. पेनांचा खर्चही पुस्तकाच्या किमतीत धरावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरं म्हणजे, शुद्ध थर्मोडायनॅमिक्स इथे शिकायला मिळेल अशी आशा धरू नका. लेजांद्र ट्रान्सफॉर्म, मॅक्सवेल संबंध हे सगळं तुम्ही करून आलात असं गृहीत धरलेलं आहे. त्यासाठी लायब्ररीतून कॅलनचं थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक आणावं लागलं. गणितांची उत्तरंही पाठीमागे नाहीत.

पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी विचारलं असतं तर दोन तारे दिले असते. मत बदललं ते आर्गॉनमुळे. पहिल्याच प्रकरणात आदर्श वायूची एंट्रॉपी देणारं सॅकुर-टेट्रोड समीकरण येतं. एका सुट्टीत, निव्वळ कंटाळा घालवायला, आर्गॉनचे आकडे त्यात घातले: अणूचं वस्तुमान, उत्कलनबिंदू म्हणजे 87.3 केल्व्हिन, दाब एक अ‍ॅटमॉस्फिअर. कॅल्क्युलेटरवर एंट्रॉपी आली मोलला सुमारे 129 ज्यूल प्रति केल्व्हिन. आता हीच एंट्रॉपी दुसऱ्या वाटेनंही काढता येते. घन आर्गॉन जवळजवळ शून्य केल्व्हिनपासून तापवत न्यायचा, वाटेत किती उष्णता लागली ते मोजायचं, वितळण्याची आणि उकळण्याची सुप्त उष्णता धरायची, प्रत्येक उष्णतेला त्या-त्या तापमानानं भागायचं आणि बेरीज करायची. त्या वाटेनंही आकडा 129 च्याच घरात. फरक टक्काभरही नाही! एकीकडे कॅलरीमीटर, दुसरीकडे नुसती मायक्रोस्टेट्सची, म्हणजे अणूंच्या शक्य सूक्ष्म अवस्थांची मोजदाद, आणि त्या साध्यासुध्या वायूच्या सूत्रात क्वांटम सिद्धांतातला प्लँकचा स्थिरांक बसलेला. टेट्रोडनं 1912 मध्ये हेच उलटं करून पाऱ्याच्या वाफेच्या आकड्यांवरून प्लँकचा स्थिरांक काढला होता. वाफेवरून! त्या रात्री हॉस्टेलमध्ये हे ज्याला त्याला सांगत सुटलो. रूममेटनं लाइट बंद करून विषय संपवला.

त्यानंतर पुस्तक वेगळंच वाचायला लागलो. सातव्या-आठव्या प्रकरणातल्या बोस आणि फर्मी वायूंसाठी पैसे मोजावेत. हेलियमला आदर्श बोस वायू मानलं तर संक्रमण 3.13 केल्व्हिनला यायला हवं. प्रत्यक्षात लॅम्डा बिंदू, म्हणजे द्रव हेलियम अतिप्रवाही होतो ते तापमान, 2.17 च्या आसपास. एवढं ढोबळ गृहीतक करूनही इतकं जवळ, हे बघून बरं वाटतं. फर्मीच्या प्रकरणात श्वेत बटू ताऱ्यांवरून चंद्रशेखर मर्यादा (अशा ताऱ्याचं कमाल वस्तुमान) निघते, तीही पायऱ्या न गाळता. परिशिष्टांत बोस-आइन्स्टाइन आणि फर्मी-डिरॅक फंक्शन्स नीट दिली आहेत. आमच्या सेमिस्टरमध्ये सर्वांत जास्त उलटली गेलेली पानं हीच. आयसिंग मॉडेलपर्यंत (चुंबकत्वाचं साधं मॉडेल) येईतो मात्र दम लागतो. तिथे मी वर्गातल्या नोट्सवर भागवलं.

आवृत्तीबद्दल. 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीत पॉल बील सहलेखक आहेत, सुरुवातीच्या विश्वावर आणि कॉम्प्युटर सिम्युलेशनवर नवी प्रकरणं आहेत. सिम्युलेशनमध्ये प्रोजेक्ट करणार असाल तर ती घ्या. नुसत्या सेमिस्टर आणि नेटसाठी जुनी पुरते; वाचलेल्या पैशांत राइफ सेकंडहँड येईल.

चार तारे. पाचवा क्यूंनी खाल्ला. आणि ज्युनिअर्स, पेपरात पहिल्याच ओळीत ‘झेड = फ्यूगॅसिटी’ असं लिहून खाली रेघ ओढा, मग पुढचं गणित.