बी.ए. इकॉनॉमिक्स की बी.कॉम.? बडोद्यातल्या बारावीवाल्यांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात कुणाची तरी बारावी झालेली असते. यंदा भाचीची. "मामा, एका वाक्यात सांग," म्हणाली. सांगितलं: तीन वर्षांत कमवायला लागायचं असेल तर कॉमर्स, पाच वर्षं शिकायची आणि गणिताशी झटायची तयारी असेल तर इकॉनॉमिक्स.

बी.कॉम. लगेच हाताला काम देतं. अकाउंट्स, ऑडिट, जीएसटी नीट येत असेल तर रावपुऱ्यातल्या सीएच्या ऑफिसात किंवा मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात सुरुवात होते. पगार बेताचा, पण सुरुवात होते.

इकॉनॉमिक्सचं तसं नाही. मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, व्यापारतोल हे सगळं शिकूनही नुसत्या बी.ए.वर अर्थतज्ज्ञाची खुर्ची मिळत नाही. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातही तेच. बँकेच्या अधिकारीपदाच्या सर्वसाधारण ग्रेड बी परीक्षेला मात्र कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, फक्त टक्केवारीची अट असते, आणि तिथल्या आर्थिक-सामाजिक प्रश्नांच्या पेपरला इकॉनॉमिक्सवाल्याला निम्मं आधीच येत असतं.

आता गणित. 'आर्ट्स म्हणजे गणित सुटलं' या समजुतीने फार जण फसतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी चांगल्या संस्था गाठायच्या तर प्रवेश परीक्षा आल्या. आयआयटीच्या जॅम या प्रवेश परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात कॅल्क्युलस, संभाव्यता, सांख्यिकी सगळं येतं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं स्वप्न असेल तर गणिताची तयारी पहिल्या वर्षापासून हवी. तिसऱ्या वर्षी जाग येऊन भागत नाही.

दोन गैरसमज मात्र घरोघरी ऐकू येतात. एक, बँकेत लागायला बी.कॉम.च हवं. बँक ऑफ बडोदा 1908 पासून गावात असल्यामुळे आपल्या आजोबांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. पण सरकारी बँकांच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. दुसरा, सीए फक्त कॉमर्सवाल्यांचं. खरं तर कॉमर्स पदवीधर 55 टक्क्यांवर थेट सीएच्या मधल्या टप्प्याला, इंटरमीजिएटला, जातो, बाकीचे 60 टक्क्यांवर. अकाउंट्स मुळापासून शिकावे लागतील, एवढंच.

आणि आपल्या घुमटवाल्या कॉलेजातून निघून कुठवर पोचता येतं हे पाहायचं तर आय. जी. पटेल: बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक. अर्थात तेही बी.ए.वर थांबले नव्हते, केंब्रिजला गेले.

भाचीला फॉर्म भरायच्या आधी आठवडाभर बारावीच्या स्टॅटच्या पुस्तकातलं डिफरन्सिएशनचं प्रकरण पुन्हा सोडवायला लावलंय, या वेळी मार्कांसाठी नाही. काल रात्री अकराला तिच्या खोलीतला दिवा चालू होता. मोबाइल होता की पुस्तक, ते मी बघायला गेलो नाही.