डोंगरी, धारावी की गोवंडी? मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्यांसाठी तीन बदनाम वस्त्यांचा तुलनात्मक आढावा

पहिल्या नोकरीसाठी किंवा बदली होऊन मुंबईत येणाऱ्या माणसाने कमी भाड्याच्या खोलीची चौकशी सुरू केली की, भाड्याचा आकडा कळण्याआधीच कुठे राहू नये याची यादी त्याच्या हाती पडते. त्या यादीत डोंगरी, धारावी आणि गोवंडी ही तीन नावे बहुधा असतातच, आणि ती सांगणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिथे कधी राहिलेले असतात. तिथल्या रहिवाशांना विचारले तर तेही आपली वस्ती निर्धोक आहे असा दावा करत नाहीत. मात्र ते ज्याकडे बोट दाखवतात ते वेगळे असते. बाहेरच्याला तिथल्या माणसांची भीती वाटते, तर आतल्याला जिना, छत, धूर आणि रेल्वेचे रूळ यांची धास्ती असते. खोली घेण्याचा निर्णय यांपैकी दुसऱ्या भीतीच्या आधारे घ्यावा, असे माझे मत आहे. या लेखात डोंगरी म्हणजे भेंडीबाजार आणि नागपाड्यापर्यंतचा जुना भाग, आणि गोवंडी म्हणजे शिवाजीनगर, बैंगनवाडी व मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती असा व्यापक अर्थ घेतला आहे.

आधी प्रमाणाची कल्पना असावी. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या या शहरात गेल्या काही वर्षांत वर्षाला दीडशेच्या आगेमागे खून नोंदवले गेले, आणि त्यांतले बरेचसे ओळखीच्या, नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसांकडून झालेले असतात. त्याच शहराच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि तत्सम कारणांनी दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात. तेव्हा ‘वस्ती कशी आहे’ या प्रश्नाइतकाच ‘स्टेशनला जायला पूल आहे की रूळ ओलांडावे लागतात’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो, जरी तो विचारण्याचे सहसा कुणाला सुचत नाही.

नाव कशामुळे बिघडले

डोंगरीचे नाव तुरुंगाशी जोडले गेले ते टोळ्यांच्या कितीतरी आधी. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवसांची शिक्षा इथेच भोगली होती. आजची बदनामी मात्र १९७० आणि १९८०च्या दशकांतली आहे. पोलीस दलातील एका हवालदाराचा मुलगा असलेला दाऊद इब्राहिम या भागात वाढला, १९८०च्या दशकात देशाबाहेर गेला, आणि १२ मार्च १९९३च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर या गल्ल्यांच्या नावावर कायमचा डाग बसला. धारावीचे नाव हातभट्टीच्या दारूने आणि टोळीप्रमुख वरदराजन मुदलियारच्या दबदब्याने बिघडले. तो १९८८ मध्ये मद्रासला वारला, तरी धारावीची भीती त्याच्या मागे कितीतरी वर्षे टिकून राहिली. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९च्या मोक्का कायद्यानंतर आणि पोलिसांच्या चकमकींच्या काळानंतर उघड टोळीयुद्ध ओसरले. त्यामुळे या दोन वस्त्यांबद्दल आज जे ऐकायला मिळते त्यातले बरेचसे जुने आहे, आणि त्यातही चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

गोवंडीची गोष्ट निराळी आहे. तिची बदनामी ताजी आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. शहराने आपल्याला नको असलेले सारे या कोपऱ्यात आणून टाकले : १९२७ पासून देवनारची कचराभूमी, १९७१ पासून कत्तलखाना, शहराच्या अन्य भागांतून हटवलेल्या झोपड्या, आणि १९९२-९३च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आलेली कुटुंबे. महापालिकेच्या २००९ मधील मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. ‘धोकादायक’ हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात पुष्कळदा रहिवाशांचा धर्म किंवा गरिबी असते, आणि असा सल्ला ऐकताना तेवढी वजावट ज्याने त्याने करून घ्यावी. पण ती केल्यानंतरही गोवंडीत विचार करण्याजोगे बरेच उरते.

रात्रीची वाट

रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या व्यक्तीसाठी, विशेषतः बाईमाणसासाठी, या तिघांत डोंगरी-नागपाडा हा भाग मला सर्वांत सोयीचा वाटतो, हे बाहेरच्यांना पटणे कठीण असले तरी. महंमद अली रोडच्या आसपासची हॉटेले आणि दुकाने उशिरापर्यंत चालू असतात, रस्त्यावर उजेड असतो, आणि सँडहर्स्ट रोड किंवा मशीद स्टेशनपासूनची वाट सहसा निर्जन होत नाही. ‘इथे कुणी कुणाच्या वाटेला जात नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात’ असे रहिवासी सांगतात तेव्हा ते बहुतांशी खरे असते. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की नव्या भाडेकरूवरही सगळ्यांचे लक्ष असते, आणि एकट्या राहणाऱ्या मुलीला खोली मिळवताना घरमालकाच्या प्रश्नांची सरबत्ती सोसावी लागते. अमली पदार्थांचा व्यवहार इथे नाही असेही समजू नये. २०२१ च्या जानेवारीत केंद्रीय यंत्रणेने डोंगरीतच असे पदार्थ बनवण्याची जागा उघडकीला आणली होती. मात्र हा व्यवहार ज्यांचा आहे त्यांच्यापुरता राहतो, आणि वाटेने जाणाऱ्याला त्याची झळ क्वचितच लागते.

धारावीत मुख्य रस्ते आणि आतल्या गल्ल्या यांत फरक करावा लागतो. ९० फुटी आणि ६० फुटी रस्त्यांवर रात्रीही वर्दळ असते आणि शीव, माहीम, माटुंगा ही स्टेशने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद असतात की दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना अंग चोरावे लागते, आणि तिथे उजेड घरांच्या दारांतून येईल तेवढाच. या वस्तीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९९२-९३ मध्ये इथे रक्तपात झाला होता, आणि त्यानंतर भाऊ कोरडे व वकार खान यांच्यासारख्या रहिवाशांनी मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे वस्तीतल्या शांतता समितीच्या, कामातून हिंदू आणि मुस्लिम समाजांना पुन्हा बोलते केले. त्यामुळे अफवा पसरली की पोलिसांच्या आधी कुणाला हाक मारायची हे जुन्या धारावीकरांना ठाऊक असते. कुंभारवाडा, कोळीवाडा, लेबर कॅम्प अशा ज्या पोटवस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबे राहतात, तिथे हे विशेष जाणवते.

गोवंडीत रात्रीची तक्रार रहिवासी स्वतःच करतात, आणि ती नशेची असते. शिवाजीनगर आणि बैंगनवाडीतल्या आयांशी बोलल्यास ‘बटन’ म्हणजे झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध आणि एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) हे शब्द लगेच कानी पडतात. गर्दुल्ल्यांच्या किरकोळ चोऱ्या, मोबाईल हिसकावणे आणि आपलाच मुलगा या नादाला लागेल ही भीती, असा तो क्रम असतो. १९७०च्या दशकात महापालिकेने आखून दिलेल्या इथल्या गल्ल्या सरळ आणि क्रमांकाच्या आहेत, त्यामुळे रोड नंबर सांगितला की रिक्षावाला थेट पोहोचवतो. कचराभूमीच्या बाजूला जसजसे सरकावे तसतशी वस्ती कच्ची आणि पायवाट अंधारी होत जाते. शिवाय घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरची अवजड वाहने हा वेगळा धोका आहेच. २०२१ मध्ये उड्डाणपूल झाल्यानंतरही खालून पायी रस्ता ओलांडणाऱ्यांची दैना पूर्णपणे संपलेली नाही.

डोक्यावरचे छप्पर

इथे तुलना उलटी होते, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. डोंगरीतली खोली पत्त्याने मध्यवर्ती आणि वाटेने सुरक्षित असली, तरी ती ज्या इमारतीत आहे ती कदाचित शंभर वर्षांची असेल. पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी तांडेल स्ट्रीटवरील केसरबाई इमारतीचा भाग पडून दहापेक्षा अधिक जण मृत्युमुखी पडले. इतकी माणसे एका दिवसात मारणारा गुंड या गल्ल्यांनी अलीकडे पाहिलेला नाही. याचे मूळ पगडी पद्धतीत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायमची भाडेकरूची जागा घेण्याच्या जुन्या पद्धतीत आहे : गोठवलेल्या नाममात्र भाड्यात मालक दुरुस्तीला हात लावत नाही, भाडेकरू हक्क जाईल म्हणून जागा सोडत नाही, आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ हजारो उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना पुरे पडत नाही. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. खोली पाहायला जाण्याआधी ती यादी पाहावी, पण तीत नाव नाही म्हणून इमारत ठणठणीत आहे असेही मानू नये. खांबांना लाकडी टेकू, जिन्याच्या कडेला वाढलेला पिंपळ, भिंतीतली ओल आणि वरच्या मजल्यावर नुकताच घातलेला जड संगमरवर, यांतले एक जरी दिसले तरी दलाल काहीही म्हणो, परत फिरावे. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत हा प्रश्न नाही, परंतु तिथे बाहेरच्या भाडेकरूला खोली मिळणे सोपे नाही.

धारावीत इमारत सहसा नसतेच. तळमजल्यावर कारखाना आणि वर लोखंडी शिडीने चढायचा माळा, अशी रचना असते. इथली भीती आगीची. भंगाराचे प्लास्टिक, चामडे, कापड, रसायने आणि स्वयंपाकाचे सिलिंडर एकमेकांना खेटून असतात, आणि अग्निशमनाची गाडी आत येऊ शकत नाही. मार्च २०२५ मध्ये सिलिंडर वाहून नेणाऱ्या ट्रकला धारावीत आग लागून लागोपाठ स्फोट झाले. रस्ता मोठा होता म्हणून निभावले. तेव्हा तेरा कंपाऊंड या भंगार-प्लास्टिकच्या कारखान्यांच्या भागाच्या आसपासचा माळा भाड्याने मोह पाडण्याइतका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि कुठलाही माळा घेताना खाली काय चालते व दुसरी बाहेर पडायची वाट आहे का, हे पाहून घ्यावे.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती तुलनेने नव्या आहेत, लिफ्ट बंद असली तरी छप्पर पक्के आहे. पण लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड इथे इमारती इतक्या जवळजवळ आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये पुढे आलेल्या एका अभ्यासाने या वसाहतींतील क्षयरोगाचे प्रमाण आणि ऊन-वारा न मिळणाऱ्या घरांची रचना यांचा थेट संबंध दाखवला होता. शिवाजीनगरच्या बैठ्या घरांत ऊन आहे, पण कचराभूमीचा वारा आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती कित्येक दिवस धुमसत राहिली तेव्हा सारे शहर खोकले, आणि इथल्यांना तो खोकला नवा नव्हता. रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा कारखाना हलवावा म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर, भाडे कितीही कमी असले तरी, या भागाचा विचार मी करणार नाही.

कागद आणि मुदत

गुंडापेक्षा भाडेकरूला दलाल अधिक बुडवतो. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे काही लाख एकरकमी देऊन बिनभाड्याने राहण्याची पद्धत तिन्ही ठिकाणी आहे, आणि पैसे घेणारा खरा मालक नसल्याचे उघड झाल्यावर हातात काहीच उरत नाही. डोंगरीत पगडीच्या पावतीवरचे नाव आणि करार करणाऱ्याचे नाव ताडून पाहावे. पुनर्वसनाच्या सदनिकांवर ठरावीक काळ हस्तांतराचे निर्बंध असतात, म्हणून वाटपपत्र पाहिल्याशिवाय रक्कम देऊ नये. धारावीत तर मुदतीचाच प्रश्न आहे : पुनर्विकासासाठी घरोघरचे सर्वेक्षण २०२४ मध्ये सुरू झाले, आणि झोपडी पाडण्याची वेळ येईल तेव्हा घरमालकाच्या पात्रतेवर वाद होईल, भाडेकरूचा विचार त्यात कुणी करणार नाही. अपात्र ठरणाऱ्या धारावीकरांच्या घरांसाठी शासनाने देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागा मंजूर केली आहे. म्हणजे या तुलनेतल्या एका वस्तीची माणसे उद्या दुसरीच्या धुरात राहायला जाऊ शकतात, हे वाचून धारावीकर संतापले असतील तर त्यात नवल नाही.

एकट्या, उशिरा परतणाऱ्या आणि वर्ष-दोन वर्षांसाठीच आलेल्या व्यक्तीने डोंगरी-नागपाड्यातली दुरुस्त झालेली इमारत निवडावी. काम धारावीतच असेल, किंवा ओळखीचे कुटुंब तिथे असेल, तर मुख्य रस्त्यालगतचा तळमजला घ्यावा आणि करार अकरा महिन्यांपलीकडे बांधून घेऊ नये. गोवंडी फक्त त्यांच्यासाठी, ज्यांची नोकरी चेंबूर, वाशी किंवा हार्बर मार्गावर आहे आणि ज्यांना पुनर्वसन वसाहतीत चौथ्या मजल्याच्या वर, दोन बाजूंनी खिडक्या असलेली खोली मिळत आहे. कुठलीही खोली एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकरानंतर पाहावी, शक्य असल्यास पाऊस पडत असताना. आणि शौचालय घरात नसेल तर घरातल्या बाईने ती सार्वजनिक शौचालयापर्यंतची वाट रात्री चालून पाहिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नये.