सांगून शिकवावं की विचारून? नवी बॅच हातात घेण्याआधी

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची बॅच पहिल्यांदाच हातात आली की कोचसमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळं सांगायचं: असं उभं राहा, असं मार, चुकलं, पुन्हा कर. दुसरी म्हणजे मुलांपुढे अडचण ठेवायची, त्यांना धडपडू द्यायचं आणि मग विचारायचं. मी बॅडमिंटन शिकवतो. सुरुवातीची बरीच वर्षं पहिल्या वाटेनं गेलो, नंतर दुसरीकडे वळलो. पण पहिली वाट पूर्ण सोडलेली नाही, आणि तुम्हीही सोडू नये.

पहिली वाट कुठे हवीच, ते आधी बघू. भालाफेकीत कुणी कधी फेकायचं आणि भाले आणायला कधी जायचं, हे मुलांना विचारून ठरवायचं नसतं. पोहण्याच्या तलावाचे नियम, जिम्नॅस्टिक्समधली उतरण्याची पद्धत, रॅकेटची पहिली पकड, हे सगळं स्पष्ट सांगावं, करून दाखवावं, लगेच करून घ्यावं. मोठी बॅच आणि एकच कोच असेल तरी हीच पद्धत निभावते.

मात्र सांगणं म्हणजे ओरडणं नव्हे. अमेरिकेतले बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांच्या संघानं 1964 ते 1975 या काळात विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा दहा वेळा जिंकली. 1974-75च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या 2,326 शिकवण्याच्या कृती टिपल्या. त्यातल्या सुमारे 75 टक्के कृतींमध्ये काय करायचं, कसं करायचं याची माहिती होती. निव्वळ शाबासकी सात टक्क्यांहून कमी, नाराजीही तेवढीच. तुम्ही सांगणारे कोच होणार असाल तर तुमच्या दर वाक्यात मुलाच्या हाती काही पडतंय का, एवढं तपासा. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ या वाक्यातून त्याला काहीच मिळत नाही.

या वाटेची अडचण मला एका अकरा वर्षांच्या मुलीनं दाखवली. तिची शॉर्ट सर्व्हिस सारखी जाळीत जायची. मी एका दमात सांगून टाकलं: मनगट सैल, कोपर अंगाशी, पाय हलवू नको, शटल उशिरा सोड. पुढच्या सर्व्हिसला ती शटलऐवजी माझ्या तोंडाकडे बघत होती. सूचना चारही बरोबर होत्या, पण त्या एकाच वेळी पाळणं कुणालाच जमलं नसतं. मग मी जाळीच्या वर वीतभर अंतरावर आडवी दोरी बांधली आणि म्हटलं, ‘जाळी आणि दोरीच्या मधून शटल गेलं पाहिजे. कसं न्यायचं ते तू बघ.’ पंधरा-वीस शटल वाया गेली. त्यानंतर तिनं आपणहून रॅकेट मागे नेणं कमी केलं, आणि कोपराचं मला पुन्हा सांगावं लागलं नाही. हात-पाय कसे हलतात यापेक्षा शटल किंवा चेंडू कुठे जातो याकडे लक्ष असेल तर हालचाल चांगली बसते, हे हालचाली कशा शिकल्या जातात याच्या संशोधक गाब्रिएले वुल्फ यांच्या 1990च्या दशकापासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

विचारण्यातही फसगत होते. ‘काय चुकलं?’ म्हटलं की मुलं खांदे उडवतात आणि ‘माहीत नाही सर’ म्हणतात. त्यापेक्षा ‘शटल कुठे पडलं?’ असं विचारा. उत्तर डोळ्यांसमोर असतं, आणि तिथून पुढे मूल स्वतः विचार करू लागतं.

सरावाच्या आखणीतही हाच फरक आहे. सांगणारा कोच बहुधा एकच फटका पन्नास वेळा घोटून घेतो, दुसरा फटके मिसळतो. 1986मध्ये बॅडमिंटनच्याच तीन सर्व्हिसवर प्रयोग झाला. सरावानंतरच्या चाचणीत आणि कोर्टाची बाजू बदलल्यावर, सर्व्हिस आलटून पालटून केलेला गट पुढे राहिला. अशा सरावात चुका जास्त दिसतात. बाकावर बसलेल्या पालकांना वाटतं, इथे काही शिकवतच नाहीत. त्यांना पहिल्याच आठवड्यात हे समजावून सांगा, नाहीतर तेच तुम्हाला जुन्या पद्धतीकडे ओढतील.

आता जिद्दीबद्दल. बक्षीस आणि शिक्षा सांगणाऱ्या कोचच्या हाताशी सहज येतात. 1973च्या एका प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं. काही दिवसांनी ती मुलं मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं त्यांची आवड टिकली. म्हणून मी बक्षीस आधी जाहीर करत नाही. चुकल्यावर मैदानाला फेऱ्या मारायला लावणं तर मी पूर्ण बंद केलंय. धावणं ही शिक्षा आहे असं एकदा मनात बसलं की उद्या मूल आनंदानं का धावेल?

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्मिथ आणि स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल कोचना हंगामाआधी छोटं प्रशिक्षण दिलं: प्रयत्नाची दखल घ्या, चुकल्यावर धीर द्या आणि नेमकं सांगा, शिक्षा करू नका. पुढच्या वर्षी त्या कोचांची 5 टक्के मुलं खेळ सोडून गेली, इतर कोचांची 26 टक्के. सामने जिंकण्यात मात्र फरक पडला नव्हता. माझ्यासाठी निवडीचा निकष हाच आहे: पुढच्या हंगामात किती मुलं परत येतात.

म्हणून बॅच अगदी नवखी असेल किंवा दुखापतीची शक्यता असेल तर सांगा, पण एका वेळी एकच गोष्ट. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असेल तरी हेच. तेव्हा नवे प्रयोग नकोत. हंगाम लांब असेल आणि मुलांना मूलभूत गोष्टी येत असतील तर दोरी बांधा, फटके मिसळा, विचारा. सवय मोडणं जड जात असेल तर मूल चुकल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच तोंड उघडा. माझं तीनवर आलेलं असतं, तेवढ्यात पोरगं स्वतःच पाय सरकवून पुन्हा उभं राहिलेलं असतं.