सॅटर्डे नाइट फीव्हरची डबल एलपी घ्या, पण चौथी बाजू सोडू नका

डिस्को म्हटलं की सगळ्यांना पांढरा सूट आणि वर केलेलं बोटच आठवतं, मलाही तेच आठवायचं, पण गेले दोन आठवडे सॅटर्डे नाइट फीव्हर या सिनेमाच्या गाण्यांची ही एलपी (दोन तबकड्या, चार बाजू) रोज लावतोय आणि आता ठाम मत झालंय की हा अल्बम सिनेमाच्या त्या एका पोजखाली फार दबून गेलाय. दिवे घालवा, हेडफोन लावा आणि नुसतं ऐका.

सुरुवातच स्टेइन अलाइव्हने. त्यातले ड्रम नीट ऐका, ते कोणी सलग वाजवलेलेच नाहीत! फ्रान्समधल्या एका जुन्या शातोतल्या (हवेलीतल्या) स्टुडिओत बी जीज या बँडचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि ड्रमरला घरच्या अडचणीमुळे मधेच जावं लागलं, मग त्यांच्याच नाइट फीव्हर गाण्याच्या टेपमधून दोन बार, म्हणजे ठेक्याची दोन आवर्तनं, काढून त्यांचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) बनवला आणि तोच गाणंभर फिरवला. म्हणून तो ठेका जराही हलत नाही, आणि वर गिटारची ती बारीक रिफ (परत परत येणारी छोटी धून) आणि गायक बॅरी गिबचा चढा आवाज मात्र मोकळे खेळतात. आज लॅपटॉपवर जो तो लूप लावून गाणं करतो, इथे १९७७ मध्ये कात्री आणि टेपने तेच केलेलं. वेग मिनिटाला साधारण १०४ ठोके, म्हणून सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर ठेक्यात छाती दाबणं, शिकवताना अजूनही हेच गाणं सांगतात.

सिनेमाच्या गाण्यांचा धंदाही इथूनच बदलला असं मला वाटतं. यातलं हाऊ डीप इज युअर लव्ह सप्टेंबरातच बाहेर आलं, सिनेमा आला डिसेंबरात, म्हणजे लोक गाणं आधीच गुणगुणत थिएटरात गेले. अल्बम अमेरिकेत सलग २४ आठवडे एक नंबरवर होता, वर अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी.

दुसऱ्या बाजूला बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचं डिस्को रूप मस्तच आहे. त्याच बाजूचा कॅलिप्सो ब्रेकडाऊन ट्रॅक मात्र मला लांबलं, खरंच लांबलं. तिसरी बाजू ठीक, यू शुड बी डान्सिंग सोडून बाकी एकदा ऐकून झालं की झालं.

आणि मग चौथी बाजू. तीनच ट्रॅक, शेवटचा डिस्को इन्फर्नो, दहा मिनिटांच्या वर. ड्रमर अर्ल यंगची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक ठोक्यावर, मधल्या जागेत उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी) त्स्स त्स्स करत येते, गायक थांबतात तरी ठेका थांबत नाही, वाद्यं एकेक करून परत येतात, हे रेडिओसाठी नाही, नाचणाऱ्यांसाठीच रचलंय. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल स्टेडियममध्ये डिस्को नको असलेल्यांनी डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला, डिस्को संपलं म्हणाले, आणि त्याच शहरात वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स हाच ठेका रात्रभर वाजवत होता, त्यातूनच हाऊस म्युझिक हा क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा नवा प्रकार आला. त्यानंतर हाऊसचा कुठलाही ट्रॅक लावून बघा, तीच किक, तीच हाय-हॅट.

माझ्या कॉपीत चौथ्या बाजूला सुरुवातीला थोडी खरखर आहे, तेव्हा जुनी घेणार असाल तर शेवटची बाजू आधी लावून बघा. आणि शफलवर (गाण्यांचा क्रम उलटसुलट करून) ऐकू नका प्लीज, बाजू उलटायला उठावं लागतं तेवढ्यात कान ताजे होतात.