मानेवाडा रोडजवळचं निंबाखालचं सलून: दाढी एक नंबर आणि टीव्हीवर भाषणं दोन्ही बाजूंची

नागपुरात मानेवाडा रोडवरून आतल्या गल्लीत शिरलं की निंबाच्या झाडाला लागून एक सलून आहे, तीन खुर्च्या, कोपऱ्यात वर टीव्ही, पाटीवरचं नाव उन्हानं कधीचं उडून गेलंय म्हणून सगळे निंबाखालचं सलूनच म्हणतात. मी 2019 च्या लोकसभेच्या आधीपासून इथे जातोय आणि खूप दिवसांपासून लिहायचं होतं, आज लिहितोच.

आधी कामाचं. दाढी 60, कटिंग 100. वस्तऱ्यात ब्लेड दर गिऱ्हाईकाला नवीन, ते पण तुमच्यासमोर पाकीट फोडून. तुरटी फिरवतात, नंतर गार पाण्याचा नॅपकिन. हात इतका हलका आहे की माझ्यासारख्या फोडं येणाऱ्या चामडीला पण त्रास नाही होत. उणं म्हणाल तर मधल्या खुर्चीचं डोकं टेकायचं हलतं, आणि मे महिन्यात कूलर असूनही घाम फुटतो. बस.

आता मेन गोष्ट, टीव्ही. मालक दादांना भाषणांचा जबरदस्त शौक. त्यांचे वडील कस्तुरचंद पार्कवर सभा ऐकायला सायकलनं जायचे, कोणत्याही पक्षाची असो, तेच वळण यांना लागलंय. दिवसभर पुढाऱ्यांच्या भाषणातल्या हसवणाऱ्या क्लिप चालू असतात आणि नियम एकच, एका बाजूची लागली की पुढची समोरच्याची. रिमोट गल्ल्यात. "लावू नका" म्हणायची कोणालाच परवानगी नाही, मग तो नगरसेवकाचा माणूस का असेना.

याचं महत्त्व मला काहून वाटतं ते सांगतो. याआधी मी ज्या दुकानात जायचो तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच बाजूचं चालायचं, एकदा समोरच्या पक्षाच्या नेत्यानं चांगला टोला मारला आणि मी हसलो तर मालकानं वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, तुम्ही त्यांचे काय? अर्ध्या दाढीत मला उत्तर द्यावं लागलं. हसलो म्हणून! त्या दिवसानंतर तिकडे पाय नाही ठेवला.

इथे खुर्चीत बसलं की समोर आरसा, आणि आरशात बाजूच्या दोघांचे चेहरे दिसतात. मी कितीतरी रविवार हेच पाहून राहिलो. क्लिपमध्ये पंचलाईन येते, माणसाच्या ओठाला हसू येतं, आणि मग त्याला आठवते की हा आपला नाही, तिथे ओठ परत मिटतात. हसू आधी येते, पक्ष मागून येते. मधे किती, अर्धा सेकंद. दादांना तं हे पाठ आहे, नेता थांबला, आवाज खाली आला, समोरच्या माईकला हात लावला की दादा गालावरचा वस्तरा दोन बोटं वर उचलतात, म्हणतात, "आता हसान भाऊ, थांबा." एकदाही कोणाला कापलं नाही.

2024 च्या डिसेंबरची गडकरी साहेबांची क्लिप तर तुम्ही पाहिलीच असेल, आपल्या नागपुरातलीच, राजकारण म्हणजे असंतुष्ट आत्म्यांचा सागर म्हणाले, नगरसेवक दुःखी कारण आमदार नाही झाला, आमदार दुःखी कारण मंत्री नाही झाला, मंत्री दुःखी कारण चांगलं खातं नाही मिळालं, आणि मुख्यमंत्री टेन्शनमधे की हायकमांड कधी उतरवते. तेव्हा निकाल लागून आठवडा झाला होता आणि मुख्यमंत्री कोण ते जाहीर व्हायचं होतं. सलूनमधे तिन्ही खुर्च्या हसल्या, पण हसून झाल्यावर पहिला म्हणे हा टोला शिंदेंच्या लोकांना आहे, दुसरा म्हणे नाही, भाजपवाल्यांनाच आहे, तिसरा म्हणे काँग्रेसमधे तर हेच चालतं, तिकडेच बोट आहे. वाक्य एकच, आणि तिघांनी आपल्याला नको असलेल्याच्या दारात नेऊन टाकलं.

"मी पुन्हा येईन" चं तर मी इथं पूर्ण आयुष्य पाहिलं. फडणवीस साहेब 2019 मधे विधानसभेत बोलले तेव्हा त्यात विनोद नव्हताच, मनापासून बोलले होते. नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला, 80 तासात सरकार गेलं, आणि विरोधकांनी त्या वाक्याचा जोक करून टाकला. तेव्हा दाढी करून निघताना एक काका दारात उभे राहून मुद्दाम म्हणायचे, "दादा, मी पुन्हा येईन," आणि भाजपचे पोट्टे खाली मोबाईलमधे पाहायचे. 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर शपथ झाली आणि दुसऱ्या दिवशी तेच पोट्टे दारातून छाती काढून तेच वाक्य म्हणून गेले. शब्द एक नाही बदलला. फक्त हसणारे आणि गप्प बसणारे बदलले.

सगळेच विनोद हसायचे नसतात हे पण इथंच कळलं. 2013 च्या दुष्काळात अजितदादा इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणात पाणी नाही तर लघवी करायची का असं जे बोलले, ती क्लिप मालक दादांनी एकदाच लावली. सभेतले लोक त्यावर हसले होते, ऐकू येते. सलूनमधे कोणी हसलं नाही, राष्ट्रवादीवाला पण नाही. यवतमाळकडचे एक गिऱ्हाईक होते, ते टॉवेल काढून बाहेर जाऊन उभे राहिले. अजितदादांनी नंतर माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला, ते पण मालक दादांनी दाखवलं, आणि ती क्लिप परत कधी लावली नाही. ज्याच्या घरात पाणी नाही त्याच्यावर हसवणं आणि सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्यावर हसवणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, मला वाटते सपोर्टर लोकांनी एवढा तरी फरक करावा, आपल्या नेत्यासाठी पण.

आणि उलट उदाहरण रामदास आठवले साहेबांचं. 19 जून 2019, ओम बिर्ला लोकसभेचे अध्यक्ष झाले त्या दिवशी कविता म्हटली, आणि राहुल गांधींना म्हणाले की तुमची सत्ता होती तेव्हा मी तुमच्याकडे होतो, मग हवेचा रोख पाहिला. मोदी हसले, सोनिया, राहुल पण हसले. स्वतःवर घेतलं ना त्यांनी, म्हणून कोणाच्या पोटात दुखलं नाही.

माझा चुलतभाऊ आणि मी, एका अंगणात वाढलेलो, एका फॉरवर्डवरून आमचं बोलणं 8 महिने बंद होतं. त्यानं माझ्या नेत्याच्या टिंगलीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, मी त्याच्या नेत्याचा टाकला, काकूंनी ग्रुप सोडला. रक्षाबंधनाला बहिणीकडे दोघं वेगवेगळ्या वेळी गेलो, एवढं झालं होतं. दिवाळीच्या आधी मी फोन केला, म्हटलं, "दाढीला चालतोस का, मी देतो पैसे." आला. बाजूबाजूच्या खुर्च्यांवर बसलो, एक शब्द नाही. दादांनी आधी त्याच्या बाजूची लावली, मी हसलो, खरंच चांगली होती. मग माझ्या बाजूची, तो आरशात माझ्याकडे पाहून राहिला, हसला नाही. मग आठवल्यांची कविता लागली, दादांनी दोघांचेही वस्तरे थांबवले, आणि फेस लावलेल्या तोंडानं तो असा हसला की फेस आरशावर उडाला.

पैसे त्यानंच दिले. परवा शनिवारी त्याचा मेसेज आला, उद्या सकाळी 9 ला नंबर लावून ठेव, 10 नंतर गर्दी होते.